निकालाआधीच निकाल : कृत्रिम बुद्धिमत्ता आणि न्यायदान

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यामागे न्यायालयाविषयी अनादर नाही. आहे ती अनिश्चिततेची धास्ती. खटला किती वर्षे चालेल, खर्च किती होईल आणि अखेरीस पदरात काय पडेल, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर निष्णात वकीलदेखील छातीठोकपणे देऊ शकत नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या हिश्श्यासाठी आजोबांनी लावलेला दावा नातवाच्या हाती येतो, तेव्हा मूळ भांडण विसरले गेलेले असते आणि उरते ती फक्त पुढची तारीख. अशा मेटाकुटीस आलेल्या माणसाला कोणी सांगितले, की ‘तुमची कागदपत्रे यंत्रापुढे ठेवा, निकाल काय लागेल ते यंत्र आत्ताच सांगेल,’ तर त्याला मोह न पडला तरच नवल.

असे सांगणारे आज जगभर आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने न्यायालयीन निकालांचे भाकीत करता येते, असा दावा गेली काही वर्षे सातत्याने होत आहे. ‘यंत्राचे भाकीत शंभरातील एकोणऐंशी वेळा अचूक’ अशा बातम्याही आपण वाचल्या असतील. हे आकडे कोठून आले, त्यांचा नेमका अर्थ काय आणि श्रद्धावंत म्हणून आपण त्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात करणार आहोत.

भाकिताचा जुना ध्यास

निकालाचा अंदाज बांधणे हे वकिलीइतकेच जुने आहे. अमेरिकेतील सुप्रसिद्ध न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यांनी १८९७ साली एका व्याख्यानात मांडलेला विचार असा, की न्यायालये प्रत्यक्षात काय करतील ह्याचे भाकीत म्हणजेच कायदा. अशील वकिलाकडे जातो तो कायद्याचे तत्त्वज्ञान ऐकण्यासाठी नव्हे, तर ‘माझे काय होईल?’ हे विचारण्यासाठी, हे त्यांनी अचूक हेरले होते. पुढे संगणक आला आणि हा अंदाज गणिताने बांधता येईल का, ह्याचे प्रयोग १९५० आणि १९६०च्या दशकांतच सुरू झाले.

त्यांतील एक प्रयोग विशेष उद्बोधक ठरला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ साली सुरू झालेल्या सत्रात काही अभ्यासकांनी जणू एक शर्यतच लावली. एका बाजूला कायद्याचे प्राध्यापक आणि अनुभवी वकील. दुसऱ्या बाजूला एक साधा संगणकीय नमुना. ह्या नमुन्याला खटल्याविषयी केवळ सहा बाबी सांगितल्या होत्या. प्रकरण कोणत्या कनिष्ठ न्यायालयातून आले, विषय कोणता, दाद मागणारा कोण, प्रतिवादी कोण, अशा स्वरूपाच्या त्या बाबी होत्या. कायद्याचा युक्तिवाद त्याने वाचलाच नाही. दोन्ही पक्षांनी आपापले अंदाज निकालापूर्वी नोंदवून ठेवले. सत्र संपले तेव्हा नमुन्याचे ७५ टक्के अंदाज बरोबर ठरले होते आणि तज्ज्ञांचे सुमारे ५९ टक्के. एकेका न्यायमूर्तीचे मत ओळखण्यात मात्र दोन्ही पक्ष जवळपास सारखेच ठरले.

२०१७ साली अन्य तीन अभ्यासकांनी १८१६ ते २०१५ अशा दोन शतकांतील सुमारे २८,००० निकालांवर नवा नमुना चालवून पाहिला. प्रत्येक वर्षाचा अंदाज बांधताना त्याला फक्त त्यापूर्वीच्या वर्षांची माहिती दिली होती. त्याचे सुमारे ७० टक्के अंदाज बरोबर आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय जी प्रकरणे सुनावणीस घेते, त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश प्रकरणांत अलीकडच्या दशकांत ते कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय फिरवत आले आहे. म्हणजे ह्या काळात डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘निर्णय फिरेल’ असे म्हणणारा माणूसही शंभरात साठ-पासष्ट वेळा बरोबर येतो. यंत्राची खरी कमाई किती, हे समजण्यासाठी आधी हे फुकटचे गुण वजा करावे लागतात. बातमीच्या मथळ्यात ही वजाबाकी सहसा नसते.

स्ट्रासबर्गचे ५८४ खटले

ज्या आकड्याचा सर्वाधिक गाजावाजा झाला, तो युरोपातील आहे. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे युरोपीय मानवाधिकार न्यायालय आहे. आपल्या देशाने मानवी हक्क तुडवले, अशी तक्रार घेऊन सामान्य नागरिक तेथे जातो. २०१६ साली ब्रिटन व अमेरिकेतील विद्यापीठांच्या चार अभ्यासकांनी ह्या न्यायालयाची ५८४ प्रकरणे निवडली. ती छळास मनाई, निष्पक्ष सुनावणीचा हक्क आणि खासगी व कौटुंबिक जीवनाचा आदर ह्या तीन कलमांखालील होती. निम्म्या प्रकरणांत न्यायालयाने हक्कभंग झाल्याचे म्हटले होते, निम्म्यांत नव्हते. त्यामुळे नाणे उडवूनही ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती. यंत्राची ७९ टक्के आली.

यंत्राने हे केले कसे? त्याने कायदा समजून घेतला नाही. निवाड्याच्या मजकुरात एक ते चार शब्दांचे कोणते गट किती वेळा येतात, एवढेच त्याने मोजले. काही शब्दगट हक्कभंगाच्या निकालांत अधिक येतात, काही अन्य निकालांत. यंत्र प्रत्येक गटाला वजन देते, बेरीज करते आणि तराजू ज्या बाजूला झुकेल ते उत्तर सांगते. कोठडी, मारहाण, वैद्यकीय दाखला हे शब्द त्याच्यासाठी कोणा माणसाची वेदना नसून तराजूतील मापे आहेत.

ह्यात अप्रामाणिक काही नाही. अभ्यासकांनी आपली पद्धत उघडपणे मांडली होती आणि आपले यंत्र न्यायाधीशांची जागा घेईल असेही ते म्हणत नव्हते. परंतु त्यांनी वापरलेला मजकूर कोणता होता, हे पाहिले की गाठ सुटते. तो मजकूर तक्रारदाराच्या मूळ अर्जाचा नव्हता. न्यायालयाने प्रसिद्ध केलेल्या निवाड्यातीलच ‘वस्तुस्थिती’ सांगणारा तो भाग होता. निवाडा लिहिला जातो तो निर्णय ठरल्यानंतर. कोणती घटना नोंदवावी, कोणती गाळावी, कशावर भर द्यावा, ह्यात निर्णयाची छाया नकळत उतरतेच. निधनवार्ता वाचून ‘हा रुग्ण वाचणार नाही’ असे सांगणाऱ्याला आपण द्रष्टा म्हणत नाही. येथे प्रकार तितका ढोबळ नाही. पण जात तीच आहे.

पुढच्या अभ्यासकांनी हा मुद्दा नेमका मांडला. नेदरलँड्समधील तिघांनी त्याच न्यायालयाच्या निवाड्यांचा नव्याने अभ्यास करून २०२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नऊ कलमांवर त्यांच्या यंत्राची उत्तरे सरासरी ७५ टक्के बरोबर आली. मात्र जुन्या वर्षांचे खटले शिकवून नंतरच्या वर्षांचे निकाल विचारले, तेव्हा हे प्रमाण ५८ ते ६८ टक्क्यांवर घसरले. आणखी एक निष्कर्ष तर थबकून विचार करायला लावणारा होता. खटल्याची एकही घटना न सांगता केवळ न्यायाधीशांची आडनावे दिली, तरीही यंत्राची सुमारे ६५ टक्के उत्तरे बरोबर आली!

म्हणून हे अभ्यासक तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्यास सांगतात. निवाड्यात लिहिलेला निकाल शोधून काढणे ही एक; निवाड्याच्या उरलेल्या मजकुरावरून तो कोणत्या गटातला हे ठरवणे ही दुसरी; आणि निकालापूर्वी उपलब्ध असलेल्या कागदांवरून निकाल सांगणे ही तिसरी. खरे भाकीत म्हणजे फक्त तिसरी गोष्ट. ‘भाकीत’ ह्या नावाखाली प्रसिद्ध होणारे बरेचसे काम पहिल्या दोन प्रकारांत मोडते.

फ्रान्सने उचललेले पाऊल

न्यायाधीशाच्या नावावरूनच निकाल सांगता येऊ लागला, तर पुढे काय होईल? वकील आपल्याला हवा तो न्यायाधीश मिळेपर्यंत युक्त्या लढवतील आणि न्यायाधीशही आपली ‘आकडेवारी’ बिघडू नये म्हणून दचकत निर्णय देतील. ही भीती ओळखून फ्रान्सने मार्च २०१९च्या कायद्याने न्यायाधीशांच्या व न्यायालयीन लिपिकांच्या नावांचा वापर करून त्यांच्या कामाचे मूल्यमापन, तुलना वा भाकीत करण्यास मनाई केली. त्याचा भंग केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

ह्या कायद्यावर टीकाही झाली आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. न्यायाधीश पक्षपात करत असतील, तर तो उघड व्हायला नको काय? केवळ आडनावांवरून इतके निकाल कळत असतील, तर दोष आरशाचा की चेहऱ्याचा? आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. यंत्राने दाखवलेले वास्तव न्यायव्यवस्थेच्या आत्मपरीक्षणासाठी वापरणे ही एक गोष्ट आणि पक्षकारांना बाजारात विकणे ही दुसरी.

भाकीत माणसाचे होते तेव्हा

आतापर्यंत आपण खटल्याच्या भाकिताविषयी बोललो. त्याच्या शेजारीच दुसरे आणि अधिक गंभीर भाकीत उभे आहे. ते म्हणजे ‘हा आरोपी पुन्हा गुन्हा करील काय?’ ह्या प्रश्नाचे. अमेरिकेतील अनेक न्यायालयांत त्यासाठी संगणकीय गुणांकन वापरले जाते. ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली आरोपीला धोक्याचे एक ते दहा गुण देते. विस्कॉन्सिन राज्यातील एका आरोपीने आक्षेप घेतला, की हे गुण कसे काढले जातात ते कंपनीचे व्यापारी गुपित असल्यामुळे आपल्याला त्यांना उत्तरच देता येत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्याचे म्हणणे फेटाळले. तथापि शिक्षा केवळ ह्या गुणांवर ठरवू नये आणि न्यायाधीशांना त्यांच्या मर्यादांची लेखी जाणीव द्यावी, असेही बजावले.

त्याच वर्षी ‘प्रोपब्लिका’ ह्या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील एका परगण्याची नोंद तपासली. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांना प्रणालीने ‘धोकादायक’ ठरवले होते. श्वेतवर्णीयांत हेच प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होते. कंपनीने प्रतिवाद केला, की समान गुण मिळालेल्या दोन्ही वर्णांच्या व्यक्तींनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण सारखेच आहे. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर होते. दोन समाजगटांत पुन्हा अटक होण्याचे मूळ प्रमाणच भिन्न असेल, तर न्याय्यतेच्या ह्या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पूर्ण करणे अशक्य असते, हे पुढे गणितज्ञांनी सिद्ध केले. म्हणजे कोणती कसोटी निवडायची, हा प्रश्न गणिताचा राहत नाही. तो नीतीचा होतो. तो माणसांनीच, उघडपणे आणि जबाबदारीने सोडवावा लागतो.

नेमक्या ह्याच मुद्द्यावर दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी बोट ठेवले होते. १४ जून २०२४ रोजी इटलीत सात प्रगत राष्ट्रांच्या परिषदेपुढे बोलताना त्यांनी कैद्याला तुरुंगाऐवजी घरी स्थानबद्ध ठेवावे की नाही, हे ठरवण्यात न्यायाधीशांना मदत करणाऱ्या प्रणालीचे उदाहरण दिले. अशी प्रणाली जुन्या नोंदींवरून व्यक्तीचे भविष्य ठरवते. परंतु मनुष्य सतत घडत असतो आणि आपल्या कृतीने इतरांना चकित करू शकतो, ही गोष्ट यंत्राच्या हिशेबात बसत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ ह्या टिपणानेही यंत्राच्या निर्णयांची नैतिक जबाबदारी माणसांवरच राहते, हे स्पष्ट केले आहे. पश्चात्ताप आणि परिवर्तन ह्यांवर आपली श्रद्धा उभी आहे. कालच्या माणसावरून उद्याचा माणूस कायमचा ठरवून टाकणे तिला मान्य होणारे नाही.

हरणारा खटला लढलाच नसता तर?

भाकिताचा आणखी एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. यंत्र शिकते ते जुन्या निकालांवरून. त्यामुळे जे आजवर हरत आले, ते उद्याही हरतील असेच ते सांगणार. मग वकील असा खटला घेणार नाही, अशील धीर सोडील आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचणारच नाही. जुनी वाट मात्र अधिकच रुळेल.

आपल्याच देशातील एका ख्रिस्ती भगिनीचे उदाहरण घ्या. केरळमधील सिरियन ख्रिस्ती समाजाच्या मेरी रॉय ह्यांनी वडिलांच्या मालमत्तेत समान वाटा मागितला. तेथे १९१६ सालचा त्रावणकोर ख्रिस्ती वारसा कायदा चालत होता. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्या कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. हा जुना कायदा अजून टिकून आहे, असे आधीच्या काही निवाड्यांत म्हटलेही गेले होते. रूढी विरोधात, समाजातील वजनदार मंडळी नाखूश. जुन्या नोंदींवर पोसलेल्या यंत्राला विचारले असते, तर त्याने बहुधा ‘वाट पाहू नका’ असाच सल्ला दिला असता. परंतु फेब्रुवारी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १९५१ पासूनच तेथे १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि म्हणून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. एका बाईने हरण्याची शक्यता पत्करली, म्हणून असंख्य मुलींना हक्क मिळाला. न्यायाचा इतिहास अशा अनपेक्षित निकालांनीच पुढे सरकला आहे.

आपल्या देशात काय चालले आहे?

भारतात प्रलंबित खटल्यांची संख्या पाच कोटींच्या घरात आहे. यंत्राची मदत नकोच म्हणणे हा आपल्याला न परवडणारा सोवळेपणा होईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निवाड्यांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही प्रणाली आणली. त्यात मराठीचाही समावेश आहे. २०२१ साली तत्कालीन सरन्यायाधीश, नागपूरचे सुपुत्र शरद बोबडे ह्यांच्या हस्ते ‘सुपेस’ ही प्रणाली सादर झाली. खटल्यातील कागदांच्या ढिगातून न्यायाधीशांना हवी ती माहिती शोधून देणे, एवढेच तिचे काम. निर्णय मात्र न्यायाधीशच घेतील, हे बोबडे ह्यांनी स्पष्ट केले होते. जुलै २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून निष्कर्ष काढण्यासाठी, आदेश वा निवाडा देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करू नये, असे ठरवून दिले.

भाकिताचा प्रयोगही आपल्याकडे झाला आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाची सुमारे ३५,००० प्रकरणे एकत्र करून, त्यांतील अंतिम निर्णयाचा भाग काढून टाकून, निकाल ओळखण्यास यंत्राला सांगितले. यंत्राची ७८ टक्के उत्तरे बरोबर आली. त्यांतील मोजकी प्रकरणे कायदेतज्ज्ञांनाही दिली, तेव्हा त्यांची ९४ टक्के उत्तरे बरोबर आली. शिवाय आपल्या उत्तरामागची कारणे तज्ज्ञांनी सांगितली तशी यंत्राला सांगता आली नाहीत. न्यायालयात कारण हा निकालाचा अलंकार नसतो, तो निकालाचा पाया असतो. हरलेल्या पक्षकारालाही ‘मी का हरलो’ हे जाणून घेण्याचा हक्क आहे आणि अपील उभे राहते तेही त्या कारणांवरच.

आपण काय करावे?

आज कोणाच्याही खिशातील फोनवर प्रश्नांना उत्तरे देणारे यंत्र आले आहे. आपल्या वाटपाच्या, भाडेकरूच्या वा कौटुंबिक वादाविषयी अनेक जण त्याला विचारतातही. अशांना आम्ही काही गोष्टी सुचवू इच्छितो.

पहिली, यंत्र आत्मविश्वासाने बोलते म्हणून ते खरे बोलते असे नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात दोन वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे आधार म्हणून सादर केले. न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. जेथे वकील फसतात, तेथे आपली काय कथा!

दुसरी, घरातील खासगी कागदपत्रे, नावे, आजार वा भांडणे अशा यंत्राला सांगण्यापूर्वी ती कोणाच्या हाती जातील, ह्याचा विचार करावा. वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्यास तो कायद्याने बांधलेला असतो, यंत्र नसते.

तिसरी, कायद्याची भाषा समजून घेण्यासाठी, प्रश्नांची यादी करण्यासाठी यंत्राचा उपयोग जरूर करावा. मात्र ‘लढू की सोडून देऊ’ हा निर्णय त्याच्यावर सोपवू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत साहाय्याची सोय केली आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील कैदी ह्यांना उत्पन्नाची अट न लावता ते मिळते. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे चौकशी करावी किंवा १५१०० ह्या क्रमांकावर फोन करावा. तडजोड शक्य असेल, तर लोक अदालतीचा मार्ग खुला आहे. भावाभावांतील वाद असेल, तर त्याआधीचा मार्गही आहे, एकमेकांच्या ओसरीवर बसून बोलण्याचा.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. व्यभिचाराच्या आरोपावरून एका स्त्रीला भर समुदायात उभे केले होते. नियम स्पष्ट होता, साक्षीदार हजर होते, दगड हातात होते. त्या दिवशी अंगणात जमलेल्यांपैकी कोणालाही निकालाचे भाकीत करता आले असते आणि ते चुकले असते. प्रभूने नियम मोडला नाही. त्याने हातात दगड घेतलेल्यांना स्वतःकडे पाहायला लावले आणि त्या स्त्रीला घरी जाण्याची, नव्याने जगण्याची वाट मोकळी करून दिली. न्यायाच्या आसनावर बसणाऱ्याजवळ यंत्राची स्मरणशक्ती अवश्य असावी. परंतु समोर उभा आहे तो माणूस आहे, हे ओळखणारी नजर मात्र त्याची स्वतःचीच असावी लागते.